स्पेलिंग एकच पण अर्थ वेगळे, अशी इंग्रजी विशेषणं कोणती आणि ती लक्षात कशी ठेवायची?

याद्या पाठ करू नका. मी केल्या होत्या, ऐन वेळी एकही कामी आली नाही.

मी भाषांतरं करतो. सुरुवातीला मत्स्यपालनाची एक पुस्तिका आली होती, तळ्यातल्या पाण्याच्या तपासणीवरची. त्यात अमोनियाला एक विशेषण होतं: यू-एन-आय-ओ-एन-आय-झेड-ई-डी. मी वाचलं ‘युनियनाइज्ड’. खात्री वाटेना म्हणून कोश उघडला, तर त्यात ‘कामगार संघटना असलेला’ एवढाच अर्थ. लिहिलं ‘संघटित अमोनिया’. मूळ शब्द होता ‘अन-आयनाइज्ड’, आयनात म्हणजे विद्युतभारित कणात न बदललेला. माशांना बाधतो तो नेमका हाच अमोनिया, आणि पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान वाढलं की त्याचं प्रमाण वाढतं. पुस्तिकेतला सगळ्यात मोलाचा इशाराच माझ्या हातून वाया गेला होता.

वरिष्ठांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “कोश बघायचा कंटाळा, दुसरं काय!” कोश तेव्हाही माझ्या टेबलावर त्याच पानावर उघडा होता. चूक माझीच, पण ती आळसाची नव्हती. पुढचा ‘अमोनिया’ मी डोळ्यांआड केला, ही चूक.

तेव्हा विशेषणाचा अर्थ लावण्याआधी त्याचं नाम बघा. चीज ‘एज्ड’ म्हणजे मुरवलेलं, माणूस ‘एजेड’ म्हणजे म्हातारा. सवय ‘लर्न्ड’ म्हणजे शिकून लागलेली, प्राध्यापक ‘लर्नेड’ म्हणजे विद्वान. पासवर्ड ‘इनव्हॅलिड’ म्हणजे न चालणारा, पण आजाराने अधू झालेला माणूस ‘इन्व्हलिड’. यांचे उच्चार तरी वेगळे आहेत. ‘मीन’चा तोही आधार नाही: माणूस मीन म्हणजे कोत्या मनाचा, तापमान मीन म्हणजे सरासरी. दोन्हींची मुळंही निराळी. पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमधून आलेला, ‘मधला’ या अर्थाचा.

(वयाचा आकडा पुढे असेल तर माणूसही ‘एज्ड’च. नामाचा नियम सगळीकडे पुरत नाही.)

आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘अन’नंतर हायफन द्यावा. ही एक आडवी रेघ असती तर माझी चूक झालीच नसती. तेव्हा हे बोललो, तर उत्तर मिळालं, “मूळ लेखकाला दोष द्यायचा नसतो.” का नसतो? वाचणारा अडखळणार हे दिसत असताना रेघ गाळणं हा दोषच आहे. आता असा शब्द आला की मी मूळ प्रतीत ती रेघ घालतो आणि शेजारी समासात कारण लिहून प्रत परत पाठवतो.