पात्र असूनही आयुष्मान कार्ड निघत नाही, ही नोंदणी सोपी का होत नाही?

सासूबाई सगळ्या नियमांत बसतात, दोनदा हेलपाटा झाला, तरी कार्ड निघालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो (लोक अजून सेतूच म्हणतात). माझ्या टेबलावर पात्रतेवरून क्वचितच अडतं. अडतं ते नावावर.

परवाच एक आजी आल्या. आधारवर रखमाबाई, रेशनकार्डावर रुक्मिणी. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. जुळणी कमी आली की अर्ज मंजुरीसाठी वर जातो आणि आजी घरी जातात. त्याआधी अंगठ्याचा खेळ. जन्मभर कांदे काढलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? ओटीपी मागवावा, तर आधारला नंबर नातवाचा, आणि नातू चाकणला पहिल्या पाळीत. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून, तीन वेळा डोळे मिचकावून जमलं. आजींनी विचारलं, "फोटू काढला तर हसू का?"

मुळात २०१८ साली मोफत उपचारांची ही आयुष्मान भारत योजना आली ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवर. त्यानंतर आलेली सून, झालेलं पोर त्या यादीत असणार कुठून? नावं वाढवायची सोय पुढे झाली, पण पुन्हा कागद आलेच.

गंमत म्हणजे आपल्याकडे याहून सोपी रीत आधीच होती. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच आता महात्मा फुले जन आरोग्य योजना. तिला आधी नोंदणी लागत नव्हती. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि एक ओळखपत्र दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) द्यायचं, बस्स. २०२३ च्या निर्णयानं पांढरं कार्डवालेही आत आले आणि उपचारखर्चाचं दीड लाखाचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेलं.

म्हणून माझं मत असं की फॉर्म सोपा करत बसण्यापेक्षा फॉर्मच काढून टाका. धान्याच्या दुकानात घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) होतेच. तोच अंगठा एकदा घेऊन कार्ड तिथंच का देऊ नये? शिबिरं घेऊन, बॅनर लावून आकडे वाढतात, पण शिबिराच्या दिवशी मजुरीवर गेलेली बाई राहूनच जाते.

आता तुमचं काम. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि बँक, पेन्शन सगळं त्यालाच बांधलेलं. म्हणून आधारवरचं नाव बरोबर असेल तर रेशनकार्ड दुरुस्त करा. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या आणि रेशनकार्डाच्या बारा अंकी नंबरवर नाव ऑनलाइन बदललेलं दिसेपर्यंत पाठ सोडू नका. नुसत्या कार्डावर पेनानं केलेली दुरुस्ती आमच्या स्क्रीनवर येत नाही. मध्येच कुणी आजारी पडलं तर कार्डासाठी थांबू नका, योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट आरोग्यमित्राला गाठा.

आणि हो, सासूबाईंचं वय किती? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मानचंच ज्येष्ठांसाठीचं कार्ड, मिळतं. त्याला फक्त आधार लागतं. फक्त आधारवरची जन्मतारीख आधी नीट बघा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, आणि साल अंदाजानं टाकलेलं.