योहान २१ मधला 'अगापे' आणि 'फिलेओ'चा फरक खरा आहे का? ग्रीक न येता तो कसा तपासायचा?

तुम्ही प्रवचनात ऐकलंत की योहान २१ मध्ये येशू पेत्राकडे दोनदा 'अगापे', म्हणजे निःस्वार्थ दैवी प्रेम मागतो, पेत्र 'फिलेओ' या मैत्रीच्या प्रेमापलीकडे जात नाही आणि तिसऱ्या वेळी येशूच त्याच्या पायरीवर उतरतो. हे खरं का, आणि ग्रीक येत नसताना कसं पडताळायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

क्रियापदं बदलतात हे खरं आहे. पहिल्या दोन प्रश्नांत 'अगापाओ' ('अगापे'चं क्रियापद) आहे, तिसऱ्यात 'फिलेओ', आणि पेत्राच्या तिन्ही उत्तरांत 'फिलेओ'च. पण त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. पेत्राचं उत्तर सुरू कसं होतं ते बघा: "होय, प्रभू." मागितलेलं प्रेम द्यायला तो कचरत असता, तर 'होय' कशाला म्हणाला असता?

दुसरं म्हणजे योहानाची लेखणी. त्याच तीन ओळींत तो कोकरं आणि मेंढरं असे दोन शब्द वापरतो, चारणं आणि पाळणं अशी दोन क्रियापदं वापरतो, 'तुला ठाऊक आहे' यासाठीही दोन वेगळी क्रियापदं आणतो. कोकरं आणि मेंढरं यांतून दोन निरनिराळे कळप कुणी काढत नाही. मग प्रेमाच्या बाबतीतच दोन पायऱ्या का काढायच्या? याच शुभवर्तमानात 'पिता पुत्रावर प्रीती करतो' हे वाक्य दोनदा येतं. ३:३५ मध्ये तिथे 'अगापाओ' आहे आणि ५:२० मध्ये 'फिलेओ'. पित्याची पुत्रावरची प्रीती दोन अध्यायांत कमी झाली, असं योहानाला म्हणायचं असेल का?

'अगापे' हा शब्द मुळातच पवित्र आहे, ही समजूतही सोडायला हवी. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १३ मध्ये, अम्नोन तामारेवर बळजबरी करतो; त्याच्या त्या आसक्तीला तिथे 'अगापे' म्हटलंय. पौलाचा सोबती देमास त्याला सोडून गेला तो या जगावर प्रेम करून (२ तीमथ्य ४:१०), आणि तिथेही क्रियापद 'अगापाओ'च. देवाचं प्रेम थोर आहे ते देवामुळे आणि वधस्तंभामुळे, शब्दामुळे नव्हे.

मूळ भाषेतून या प्रसंगात खरंच काही हाती लागत असेल तर ते दुसऱ्याच एका शब्दात आहे. किनाऱ्यावर शिष्यांना कोळशांचा विस्तव दिसतो (२१:९). त्याला ग्रीकमध्ये 'अँथ्राकिया' म्हणतात. अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी आहे. दुसरं ठिकाण १८:१८. महायाजकाच्या वाड्यातल्या अशाच विस्तवाजवळ पेत्र शेकत उभा होता, आणि तिथेच त्याने येशूला नाकारलं. तीन नकार, मग तीन प्रश्न. पेत्र दुःखी का झाला तेही १७ व्या वचनात लिहिलंय: येशूने तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. हा धागा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो मराठी वाचणाऱ्यालाही सापडतो.

शब्दाची फोड करून अर्थ सांगणाऱ्यांपासूनही जरा जपून राहा. तेल हा शब्द तिळावरून आला, पण आपण शेंगदाण्याचं तेल बिनदिक्कत म्हणतो. 'एक्लेसिया' म्हणजे 'बाहेर बोलावलेले', असं मंडळीबद्दल हमखास सांगितलं जातं. पण प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात अर्तमी देवीच्या नावाने ओरडणाऱ्या जमावालाही हाच शब्द आहे. आणि 'दुनामिस' (सामर्थ्य) म्हणजे डायनामाइट असं कुणी म्हणालं, तर नोबेलने ते नाव १८६७ मध्ये दिलं एवढं लक्षात ठेवा. पौलाच्या डोक्यात स्फोट नव्हता.

आता पडताळायचं कसं. जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला आहे, ग्रीक आणि हिब्रूचे क्रमांक वेगवेगळे. 'अगापाओ' ग्रीक २५, 'फिलेओ' ग्रीक ५३६८. बायबल हब किंवा स्टेप बायबल या संकेतस्थळांवर हे फुकट बघता येतं. क्रमांकाखालची व्याख्या वाचून थांबू नका. तो शब्द जिथे जिथे आलाय ती सगळी वचनं उघडा, त्याच लेखकाची आधी, आणि प्रत्येक वचन मागच्यापुढच्या ओळींसकट वाचा. वेळ लागतो, पण खरं काम तेच आहे. शेजारी दोन मराठी भाषांतरं ठेवा. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते मिळालं तर एक ते असू द्या.

सुरुवात रूथच्या पुस्तकापासून करा असं मी सुचवेन. चारच अध्याय आहेत आणि 'हेसेद' (हिब्रू २६१७) हा शब्द त्यात तीनदा येतो: १:८, २:२० आणि ३:१०. दया, निष्ठा, नात्याला जागणं, हे सगळं त्यात एकत्र आहे. १:८ मध्ये नामी सुनांना म्हणते की तुम्ही जसं मृतांशी आणि माझ्याशी वागलात तसं परमेश्वर तुमच्याशी वागो. म्हणजे मवाबी सुनांच्या वागण्याला आणि देवाच्या वागण्याला एकच शब्द आहे. २:२० मधला 'हेसेद' परमेश्वराचा की रूथला शेतात धान्य वेचू देणाऱ्या बवाजाचा, हे मात्र हिब्रू वाक्यातून दोन्ही प्रकारे वाचता येतं. तुमच्याकडच्या भाषांतरांनी काय निवडलंय ते बघा आणि खाली लिहा, आपण पुढे बोलू.