सिगार एकाच बाजूनं जळत जाते, ती सरळ कशी करायची आणि परत तसं होऊ नये म्हणून काय करायचं?

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. सिगार्स मावसभावानं दुबईहून आणल्या, तेव्हापासून फ्रिजच्या दारात आहेत, रात्री गच्चीवर ओढता, एक बाजू सरसर पुढे जाते आणि दुसरी काळी तशीच राहते, मग लायटर मारून मारून तोंड कडू होतं. त्यात तुम्ही पण इंदूरचेच आणि आत्ता चालू आहे पावसाळा. मी पण इथलाच आणि बऱ्याच वर्षांपासून सिगार ओढतो, म्हणून इथल्या हवेच्या हिशोबानं लिहितो, कारण व्हिडिओमधे जे सांगतात ते बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या हवेसाठी असतं.

आधी हातातल्या सिगारचं बघू. वाकडी जळायला लागली की लगेच लायटर काढू नका. दोनतीन मिलिमीटरचा फरक असेल तर तो बहुतेक वेळा आपोआप भरून निघतो, फक्त सिगार फिरवा आणि मागे राहिलेली बाजू खाली करा. खालच्या बाजूला ताजी हवा जास्त मिळते म्हणून ती जरा भरभर जळते आणि वरच्या बाजूला गाठते. दोनचार झुरके तशीच राहू द्या, बोलताबोलता हात फिरतो आणि परत जुनीच बाजू खाली येते, तेवढं लक्ष ठेवा. एवढ्यानं पण नाही झालं तर बोट थोडं ओलं करून पुढे पळालेल्या बाजूच्या पानावर, जळत्या रेषेच्या जस्ट पुढे, हलकंसं लावा. पाण्याचा थेंब ओघळेल इतकं नाही, नुसतं पान दमट झालं पाहिजे. ओलं पान हळू जळतं, तेवढ्या वेळात दुसरी बाजू येऊन मिळते.

आणि लायटर शेवटी, फरक अर्धा सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त झाला तरच. आधी राख हळूच झाडा म्हणजे रेषा नीट दिसेल. मग फक्त मागे राहिलेल्या काठाला ज्योतीचं टोक दाखवा, दोनतीन सेकंद, ज्योत पानाला चिकटवायची नाही आणि त्या वेळी झुरका ओढायचा नाही. तुमचं तोंड कडू होतं ते बहुतेक इथेच होतं, ज्योत लावून धरायची आणि वरून जोरात ओढायचं, मग तंबाखू जळत नाही, करपतो. कडू झालीच असेल तर सिगारमधून एकदा उलटी हळू फुंकर मारा, आत साचलेला जुना धूर निघून जातो आणि मग पुढचा झुरका साफ येतो.

एक प्रकार मात्र वेगळा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. कधीकधी बाहेरचं पान जळतच नाही आणि आतला तंबाखू पोकळी करत पुढे जातो. राख झाडल्यावर मधे खड्डा दिसतो, सिगार दाबली तर टोकाशी पोकळ लागते आणि हाताला जास्त गरम वाटते. इथे बोट ओलं करून काही होत नाही, बाहेरचा काठ गोल फिरवत लायटरनं पेटवून घ्यावा लागतो, आणि पोकळी खोल गेली असेल तर तेवढा भाग सरळ कापून टाकून नव्यानं पेटवायची. हे होतं कारण बाहेरचं पान ओलं आणि आतलं कोरडं असतं, म्हणजे सिगार घाईघाईत ओली केलेली असते किंवा अशा दमट हवेत नुसतीच उघडी ठेवलेली असते.

आता मूळ कारण, म्हणजे ओलावा. माझं ठाम मत आहे की इंदूरमधे ज्या सिगार्स वाकड्या जळतात त्यातल्या बहुतेक ओलाव्यामुळेच जळतात, बाकी सगळं त्याच्या नंतर. सिगारमधे तीन थर असतात, बाहेर रॅपरचं एक सुंदर पान, त्याच्या आत बाइंडर म्हणजे सगळं बांधून धरणारं पान, आणि मधे फिलरची म्हणजे भरणाची पानं. तिन्हींमधे ओलावा सारखा बसला असेल तर कोळसा, म्हणजे जळतं टोक, सरळ रेषेत मागे येतो, एका बाजूला जास्त असेल तर ती बाजू अडते. यासाठी जुनी शिफारस 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान अशी आहे. आता आपल्याकडे बघा, मे महिन्यात पारा चाळीसच्या वर आणि दुपारची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि जुलै-ऑगस्टमधे दिवसरात्र इतकं दमट की डब्यातली शेव पण मऊ पडते. म्हणजे इथली हवा सिगारला हवी तशी जवळजवळ कधीच नसते.

म्हणून तो प्रसिद्ध सल्ला, की ओढायच्या आदल्या रात्री सिगार उघडी ठेवा म्हणजे जास्तीचा ओलावा उडून जाईल, तो इंदूरमधे पावसाळ्यात उलटा पडतो. उघडी ठेवली तर अजून ओली होते. आणि तेच मे महिन्यात केलं तर सकाळपर्यंत पान तडकायला आलेलं असतं. पावसाळ्यात ओलावा कमी करायचाच असेल तर एसी चालू असलेल्या खोलीत काही तास ठेवा, एसी हवा कोरडी करतो, बस तेवढंच.

फ्रिजमधून तर त्या आजच काढा. फ्रिजची हवा थंड असते म्हणून लोकांना वाटतं की ताजं राहील, पण आजकालचे फ्रॉस्ट फ्री फ्रिज आतली हवा खूप कोरडी करतात, आणि दारात तर प्रत्येक वेळी उघडलं की बाहेरची गरम दमट हवा लागते. म्हणजे पान रोज कितीतरी वेळा सुकतं आणि ओलं होतं, ते सरळ कसं जळणार. शिवाय तंबाखू वास धरतो, आणि आपल्या फ्रिजमधे लसूण, लोणचं, चिरलेला कांदा काय काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

त्याऐवजी महागडा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, घ्यायची गरज नाही, आपल्या हवेत तर मी म्हणेन की सुरुवातीला घेऊच नका, झाकण जरा सैल असलं की पावसाळा आत शिरतो. रबरी रिंग असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा किंवा काचेची बरणी घ्या, मसाल्याची नको, नवीन. त्यात दोन्हीकडून काम करणारं बोवेडा कंपनीचं पाकीट टाका, म्हणजे जे हवा कोरडी असेल तर ओलावा देतं आणि जास्त असेल तर ओढून घेतं. ती 62, 65, 69, 72 अशा आर्द्रतेच्या टक्क्यांची मिळतात, 60 ग्रॅमचं एक पाकीट साधारण 25 सिगार्सना पुरतं. मी इथे 65 चं वापरतो आणि तुम्हाला पण तेच सांगेन, 69 वर नीट जळत नाहीत असं नाही पण 65 वर वाकडं जळण्याची कटकट खूप कमी होते. डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा, भिंतीला ऊन लागत नाही अशा ठिकाणी, कारण तापमान बराच काळ 24-25 च्या वर राहिलं तर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि तो बारीक किडा आतून भोकं पाडत जातो. तशी भोकं पडलेली सिगार कितीही फिरवली तरी सरळ जळत नाही. पानावर टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर ती आधी बाकीच्यांपासून वेगळी करा.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर पण घ्या, स्वस्त असतं, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घरातलं साधं मीठ एका बाटलीच्या झाकणात घ्या, दोनचार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवायचं नाही, आणि ते झाकण आणि मीटर दोन्ही झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते, त्यामुळे मीटर 70 दाखवत असेल तर ते पाच कमी दाखवतं हे कळलं, आणि पुढे तेवढे धरून चालायचं. हे मला फार आवडतं, घरातल्या मिठानं एवढं पक्कं माप मिळतं.

पेटवण्याबद्दल, तिथेही बरंच बिघडतं. टोकाचा पूर्ण गोल पेटला पाहिजे. गॅसचा म्हणजे ब्यूटेनचा लायटर वापरा, पेट्रोलवाल्याचा वास तंबाखूत जातो, मेणाच्या काड्यांचा पण. ज्योत जरा खाली ठेवून सिगार तिरकी धरा आणि फिरवत आधी नुसता काठ शेका, कडा सगळीकडून राखाडी व्हायला लागली की मग तोंडाला लावून फिरवत हळू दोनतीन झुरके घ्या. मग टोकावर हलकी फुंकर मारून बघा, जिथं लाल चमकत नाही तिथं परत ज्योत दाखवा. सुरुवातीला एक मिनिट जास्त दिलं तर पुढचा तास निवांत जातो.

गच्चीवर वारा एकाच बाजूनं येतो आणि ज्या बाजूला वारा तीच बाजू पळते. टाकीच्या किंवा जिन्याच्या आडोशाला बसा. खोलीत ओढत असाल तर सिलिंग फॅन बंद, खिडकी उघडी. झुरक्यांमधे साधारण मिनिटभर अंतर ठेवा, भराभर ओढलं तर कोळसा तापून वाकडा पळतो, फार थांबलं तर विझते. आणि धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच फिरवून सोडायचा, तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानं टळत नाही, हे रोज ओढायचा विचार असेल तर लक्षात ठेवा.

आता जिथं तुमच्या हातात काही नसतं ते. फिलरमधलं लिखेरो नावाचं पान झाडाच्या वरच्या भागातलं असतं, जाड आणि हळू जळणारं, म्हणून वळणारा कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो. ते बाजूला सरकलं असेल तर ती बाजू शेवटपर्यंत मागे राहणार. रॅपरवर जाड शीर असेल तर तिथे पण रेषा अडते. दुकानात घेताना दोन बोटांत धरून हळू दाबत टोकापासून टोकापर्यंत जा, कुठे मऊ कुठे गाठ लागली तर दुसरी मागा, दुकानदार नाराज होईल पण पैसे तुमचे आहेत. आणि काउंटरवर उघड्या डब्यात एसीखाली पडलेली तर अजिबात घेऊ नका.

तुमच्या उरलेल्या सिगार्स आता 65 च्या पाकिटाबरोबर डब्यात घाला आणि कमीत कमी तीन आठवडे हात लावू नका, सुकलेलं पान घाईनं ओलं केलं तर फुगून फाटतं. मग एक काढा, टोपीवरून, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकावरून, फक्त दोन मिलिमीटर कापा, न पेटवता एक झुरका ओढून बघा. हवा सहज आली तर आडोशाला बसून पेटवा. अगदी घट्ट लागली तर लांब बारीक सुई मधून हळू घालून फिरवून बघा, आणि तरीही हवा येत नसेल तर ती बाजूला ठेवून दुसरी काढा, घट्ट सिगार सरळ जळवायच्या नादात रात्र वाया जाते.