कादंबरी अर्ध्यावर सुटू नये म्हणून प्रगती कशी मोजावी?

तुमचा प्रश्न असा आहे: कादंबरी तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी अडते आणि उत्साह ओसरतो. 'छोट्या टप्प्यांचा आनंद साजरा करा' असं सगळे सांगतात, पण तो कशाचा आणि कसा करायचा?

आधी मोजायचं काय, ते ठरवा. संपादकाचा होकार, बक्षीस, लाइक हे सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. तुमच्या हातात फक्त रोजची बैठक आणि त्यात उतरलेले शब्द. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे रोजची शब्दसंख्या तक्त्यावर मांडत असे, स्वतःचीच फसवणूक होऊ नये म्हणून. आपल्याला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत आजचा आकडा टाका.

इंग्रजी सल्ल्यांतले आकडे मात्र उचलू नका. नोव्हेंबरात 50,000 शब्द लिहिण्याचं तिकडचं आव्हान प्रसिद्ध आहे, म्हणजे रोज सुमारे 1,667. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. नोकरी सांभाळून रोज 300, आठवड्यातून पाच दिवस, असं धरलं तरी 45,000 शब्दांचा खर्डा 30 आठवड्यांत होतो. हाताने लिहीत असाल तर आपल्या अक्षरातल्या तीन पानांचे शब्द मोजून सरासरी काढा. पुढे नुसती पानं मोजा.

रोजच्या कामाला आकडा हेच बक्षीस. प्रकरण संपलं की प्रिंट काढून फाइलला लावा. दर 10,000 शब्दांना नाटक, बाहेर जेवण, काय आवडेल ते, पण संध्याकाळपुरतंच. अनेकांचं लेखन प्रकरण संपल्यावरच थांबतं, कारण पुढे कोरं पान असतं. म्हणून साजरं करायला उठण्याआधी पुढच्या प्रकरणाच्या दोन-तीन ओळी लिहून ठेवा, कच्च्या असल्या तरी चालतील.

मित्रांना 'चौथं प्रकरण झालं' एवढंच सांगा. मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकू नका. कौतुक झालं तर लिहून झाल्यासारखं वाटतं आणि एखाद्याने खोट काढली की माणूस पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला बसतो. दुसरा प्रकार जास्त घातक.

पुनर्लेखनात शब्द मोजणं बंद करा. 800 शब्द कापले तो दिवस उत्तम असू शकतो, पण चौकटीत तो तोट्याचा दिसतो. तिथे 'आज किती प्रसंग मार्गी लागले' हे लिहा. दिवाळी अंकासाठी कथा लिहीत असाल तर ती पाठवली त्या दिवशीच पेढे आणा, होकार येण्याची वाट पाहू नका.

चुकलेल्या दिवसाचे शब्द दुसऱ्या दिवसावर चढवायचे नाहीत. तीन दिवस हुकले की चौथ्या दिवशी 1,200 शब्द समोर उभे राहतात आणि मग वहीच उघडली जात नाही. चौकट रिकामी राहू द्या. खंड आठवडाभराचा असेल तर परतल्यावर मागची दोन पानं वाचून 100 शब्द लिहा आणि तोही आकडा टाका.