किनाऱ्याजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन घटला तर दूर समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांना काय फरक पडतो? मासे पोहून दुसरीकडे जातातच ना? आणि बोटीवर हे आधी कळू शकतं का?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. हो, मासे निघून जातात. पोहू शकणारा मासा शक्यतो गुदमरेपर्यंत एका जागी थांबत नाही. पण तो कुठे जातो, किती दाटीत राहतो आणि तिथे त्याला खायला काय मिळतं, यावर पुढच्या हंगामांची मासळी ठरते. शिवाय पाणी बिघडलं म्हणजे जाळी रिकामीच येतील असंही नाही. कित्येकदा ती नेहमीपेक्षा जड येतात. मी समुद्रशास्त्र शिकवतो, आणि या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या भरलेल्या जाळ्यांचीच.

ऑक्सिजन घटतो कसा ते थोडक्यात सांगतो. वरचं पाणी गरम किंवा गोडं, म्हणून हलकं. खालचं थंड आणि खारं, म्हणून जड. हे थर एकमेकांत मिसळले नाहीत तर हवेतला ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचत नाही. त्यात नदीतून शेतातल्या खतांचं नत्र आणि स्फुरद वाहून आलं की वरच्या थरात वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) बेसुमार वाढतं, मरतं, तळाशी बसतं, आणि ते कुजवताना जिवाणू तिथला उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. लिटरमागे 2 मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन उरला की शास्त्रज्ञ ते पाणी धोक्याचं मानतात. उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या पृष्ठभागावर तो साधारण 6 मिलिग्रॅम असतो.

सगळा दोष खतांचाच असतो असं नाही. काही किनाऱ्यांवर वाऱ्यांमुळे आणि प्रवाहांमुळे खोलवरचं, मुळातच कमी ऑक्सिजनचं पाणी वर उथळ भागात येतं. अमेरिकेतला ओरेगॉनचा किनारा आणि आफ्रिकेतला नामिबियाचा किनारा ही त्याची उदाहरणं. भारताचा पश्चिम किनाराही त्यातच मोडतो. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या खोल थरांतलं असं पाणी उथळ भागावर चढतं, वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं पातळ झाकण बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्ये याबद्दल लिहिलं, तेव्हा या पट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटर दिलं होतं. हे मुळात नैसर्गिक आहे, पण वाहून येणाऱ्या खतांमुळे ते तीव्र होत असावं असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता मासेमारीकडे येतो. सर्वांत बारकाईने अभ्यासलेली जागा म्हणजे मेक्सिकोचं आखात. मिसिसिपी नदी अमेरिकेच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यातलं पाणी तिथे आणून सोडते. 1985 पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात तिथल्या कमी-ऑक्सिजन पट्ट्याची मोजणी होते. 2017 साली तो 22,730 चौरस किलोमीटर भरला, आजवरचा सर्वांत मोठा. या पट्ट्यातून तपकिरी कोळंबीची वाट जाते. तिची पिल्लं किनाऱ्याच्या दलदलीत वाढतात आणि उन्हाळ्यात खोल पाण्याकडे निघतात, नेमका तेव्हाच हा पट्टा त्यांच्या वाटेवर आडवा पसरलेला असतो. कोळंबी त्यात शिरत नाही. ती कडेला थबकते आणि पट्ट्याच्या सीमेलगत काही किलोमीटरच्या चिंचोळ्या जागेत गोळा होते. तळाचे इतर मासेही तिथेच येऊन थांबतात.

ट्रॉलरवाल्यांना हे कळायला वेळ लागत नाही. बोटी कडेकडेने जाळी ओढायला लागतात आणि कमी वेळात जास्त माल मिळतो. वर्षाअखेर बंदरावर उतरलेल्या कोळंबीचा एकूण आकडा बघितला तर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. त्या आकड्यात इंधनाचे भाव, आयात कोळंबी, किती बोटी समुद्रात गेल्या, हे सगळंच मिसळलेलं असतं. म्हणूनच कितीतरी वर्षं 'मासेमारीला तोटा झाल्याचा पुरावा कुठे आहे?' हा प्रश्न अडून राहिला होता.

उत्तर मिळालं ते बाजारभावांतून. 2017 साली अर्थशास्त्रज्ञ मार्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कोळंबीचे आकारवार भाव तपासले. ऑक्सिजन कमी झाल्यानंतर लहान कोळंबीच्या तुलनेत मोठ्या कोळंबीचा भाव चढतो, असं त्यांना दिसलं. मोठी कोळंबी दुर्मीळ होत होती. दाटीत अन्न कमी पडल्याने आणि कमी ऑक्सिजनचा ताण सोसताना तिची वाढ खुंटते, आणि जी असते ती लहान असतानाच जाळ्यात सापडते. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण वजनाच्या आकड्यांनी लपवलेली गोष्ट त्याने उघडी केली. माल तेवढाच, पण बारका. मच्छीमाराच्या हातात पडणारा पैसा आकारावर ठरतो, आणि नुकसान तिथेच होतं.

तुम्ही दूर समुद्राचं विचारलंत, तर तिथे गोष्ट आडवी नसून उभी घडते. किनाऱ्यापासून लांब, उष्ण समुद्रांत काही शे मीटर खोलीवर कमी ऑक्सिजनचा जाड थर कायमचाच असतो. पॅसिफिकच्या पूर्व भागात आणि अरबी समुद्रात तो पृष्ठभागाच्या बराच जवळ येतो. कुपा, मार्लिन, सेलफिश यांसारखे वेगाने पोहणारे मासे ऑक्सिजन भरपूर वापरतात. त्यांना 2 मिलिग्रॅमची मर्यादा लावून चालत नाही. मार्लिनसारखा मासा लिटरमागे साधारण 5 मिलिग्रॅमच्या खालीच अस्वस्थ होतो. खालचा थर वर सरकला की हे मासे पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात दाबले जातात. त्यांचं भक्ष्यही तिथेच कोंडलेलं असतं. उष्णकटिबंधीय ईशान्य अटलांटिकमध्ये 1960 ते 2010 या काळात मार्लिनला राहण्याजोगं पाणी सुमारे 15 टक्के कमी झालं, असा समुद्रशास्त्रज्ञ लोथार श्ट्रामा आणि सहकाऱ्यांचा 2012 सालचा अंदाज आहे.

पृष्ठभागाजवळ कोंडलेला मासा पर्ससीन जाळ्याला (थव्याभोवती वेढा घालून खालून आवळायच्या जाळ्याला) आणि लांब दोरावरच्या गळांना सहज सापडतो. इथेच मासळीसाठ्याचा अंदाज चुकण्याचा धोका आहे. साठा किती आहे हे ठरवताना एका फेरीला किंवा ठरावीक गळांमागे किती मासळी लागली हा आकडा मोठा आधार असतो. मासे तेवढेच, किंवा कमी झालेले, पण जागा आक्रसलेली असेल, तर हा आकडा वाढतो. कागदावर समुद्र भरलेला दिसतो आणि पकडीची मर्यादा सैल ठेवली जाते. माझ्या मते ऑक्सिजनचा नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय हे आकडे वाचूच नयेत. खर्चिक असलं तरी हे काम अशक्य मुळीच नाही.

ज्यांना पळता येत नाही त्यांचं काय होतं, ते 2002 साली ओरेगॉनच्या किनाऱ्यावर दिसलं. खेकड्यांचे सापळे वर आले ते मेलेल्या खेकड्यांनी भरलेले. 2006 मध्ये परिस्थिती आणखी बिकट झाली. पाण्याखाली सोडलेल्या कॅमेऱ्यांना खडकांवर मासे दिसेनात, तळावर मेलेले खेकडे आणि समुद्री कृमी पसरलेले होते. त्या उथळ भागात ऑक्सिजन पूर्ण संपल्याची नोंद त्याआधीच्या पन्नासेक वर्षांत नव्हती. सापळ्यातला खेकडा तर दुहेरी अडकलेला असतो. मोकळा असता तर थोडाफार सरकला असता.

स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या कॅटेगाट समुद्रात 1980 च्या दशकात भरल्या जाळ्याचा प्रकार फारच स्पष्ट दिसला. तिथे चिखलात बिळं करून राहणारी शेवंड पकडतात. तळाचा ऑक्सिजन घसरला तशी ती बिळांबाहेर आली, उघड्यावर फिरू लागली आणि ट्रॉल जाळ्यात नेहमीपेक्षा जास्त सापडली. नंतर जाळ्यात मेलेली शेवंड येऊ लागली आणि मग मासेमारीच ढासळली.

बाल्टिक समुद्रातल्या कॉड माशाची गोष्ट जास्त लांबणीची आहे. त्याची अंडी पाण्यात तरंगत वाढतात, पण बाल्टिकचं वरचं पाणी इतकं कमी खारं आहे की ती बुडत खालच्या खाऱ्या थरापर्यंत जातात. त्या थरात ऑक्सिजन नसेल तर अंडी मरतात. म्हणजे मोठा मासा जिवंत, धडधाकट असतानाही त्याची पिढी वाढत नाही. हल्लीच्या दशकांत तिथला कॉड रोडावलेलाही दिसतो. तळावरचं त्याचं चरण्याचं क्षेत्र घटल्याशी त्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. अतिमासेमारी, परजीवी, अन्नाची टंचाई ही कारणंही जोडीला आहेतच. 2019 मध्ये युरोपीय आयोगाने पूर्व बाल्टिकमधली कॉडची मासेमारी तातडीने थांबवली. बोटी दूर गेल्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण पकडण्याजोगा मासाच फारसा उरला नव्हता.

काही प्राण्यांचं यात फावतं, हेही सांगायला हवं. पूर्व पॅसिफिकमधलं मोठं हंबोल्ट माकूल (स्क्विड) कमी ऑक्सिजन सहज सोसतं. या शतकाच्या सुरुवातीला ते उत्तरेकडे पसरत अलास्कापर्यंत दिसलं. पण ज्या बोटीचं जाळं, परवाना आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच माशासाठी आहे, तिला माकुळाचा काय उपयोग?

राहिला बोटीवर कळण्याचा प्रश्न. कळू शकतं, आणि पहिल्या खुणा बहुधा मच्छीमारांनाच दिसतात. एरवी तळाला राहणारे मासे फिशफाइंडरवर तळापासून वर तरंगताना दिसतात. खेकडे किंवा शेवंड अचानक, हंगामाला न शोभेल इतकी सापडते. सापळ्यातले जीव सुस्त किंवा मेलेले येतात. जाळ्यासोबत आलेल्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तळाशी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार झालेला असू शकतो. अशा वेळी जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवावी. जवळच्या मत्स्यसंशोधन केंद्राला अशी नोंद फार मोलाची असते, कारण संशोधन जहाज त्या जागी वर्षातून एखाद-दोनदाच जातं. ओरेगॉनमध्ये तर तिथल्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी खेकडे पकडणाऱ्यांच्या सापळ्यांवरच ऑक्सिजन मोजणारे सेन्सर बसवले आहेत. सापळा वर आला की तळाच्या पाण्याचा आकडा बोटीवर मिळतो, आणि पुढचे सापळे कुठे टाकायचे, किती लवकर उचलायचे, हे त्यावरून ठरवता येतं.