'गॅपवाल्यांना शिष्यवृत्ती नाही' असं तोंडी सांगितलं तर

ताई (आयडीवरून ताई म्हणतोय, चुकत असेल तर सांभाळून घ्या), तुम्ही लिहिलंय की मुलानं बारावीनंतर एक वर्ष 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी ड्रॉप घेतला, नंबर लागला नाही, आता इंदूरलाच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या खिडकीवर 'गॅपवालों का नहीं होता' म्हणून शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा प्रिंटआउट परत केला. माझ्या मुलीच्या वेळी कॉलेज वेगळं होतं, वाक्य मात्र शब्दशः हेच होतं. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंबाचा ओळख क्रमांक), मूळ निवासी, उत्पन्नाचा दाखला हे सगळं तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. आधीच सांगतो, मी वकील नाही की सरकारी नोकर नाही. नियम दर सत्रात बदलतात, तेव्हा त्या वर्षीचा आदेश स्वतः उघडून वाचा.

आमचा घात केला तो त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षानं. तिथल्या साहेबांनी फॉर्म नाकारलाही नाही आणि पुढेही पाठवला नाही. पोर्टलवर नुसतं 'संस्थेकडे प्रलंबित' दिसत राहिलं. विचारायला गेलं की 'ऊपर से पूछ रहे हैं'. वरून म्हणजे कुठून, ते कधीच कळलं नाही. तारीख उलटली आणि मग तेच साहेब म्हणाले, 'अब तो पोर्टल ही बंद है.' नाकारलं असतं तर निदान अपील करता आलं असतं. प्रलंबित फॉर्मावर अपील कशाचं करणार? रेल्वे आरक्षणाच्या रांगेत तिकीट पण नाही आणि वेटिंग नंबर पण नाही, तसली गत. वर्षाचे पैसे गेले, पुढे नूतनीकरणाची साखळी पण तिथेच तुटली. नूतनीकरण तर पहिल्या मंजुरीवरच होतं ना.

यातली गंमत म्हणजे मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाला प्रवर्गानुसार मिळणाऱ्या) शिष्यवृत्तीच्या नियमांत जी बंदी आहे ती वेगळीच आहे. एका पातळीचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचं दुसऱ्या विषयात पुन्हा घेणाऱ्याला, म्हणजे बी.ए. करून परत बी.कॉम. करणाऱ्याला, ती मिळत नाही. घरी बसून अभ्यास केलेलं वर्ष त्यात येत नाही. खिडकीवरच्या माणसाला हे दोन्ही एकच वाटतं, आणि आपल्यावर काही येऊ नये म्हणून तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. मात्र मुलानं त्या वर्षात कुठे नुसता नावाला प्रवेश घेऊन सोडला असेल, आणि त्यावर शिष्यवृत्ती उचलली असेल, तर प्रकरण खरंच वेगळं आहे. ते आधीच सांगून टाका, आधार नंबरावरून निघतंच.

तेव्हा माझं ठाम मत: तोंडी 'नाही' घ्यायचं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला (कॉलेजात हे फॉर्म तपासणाऱ्याला) फॉर्म 'डिफेक्ट' करता येतो, म्हणजे त्रुटी लिहून आपल्याकडे परत पाठवता येतो. तारखेच्या आत दुरुस्त करून तो पुन्हा टाकता येतो. तेवढंच मागा. 'सर, जो आपत्ति है वो पोर्टल पर लिख दीजिए.' राज्याच्या पोर्टलचा फॉर्म असेल तर साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावानं अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का पडला की अर्धे लोक नियम शोधायला लागतात. तरीही हललं नाही तर 181, म्हणजे मुख्यमंत्र्यांची तक्रारीची सीएम हेल्पलाइन. तिथे एक सांभाळा. फोन येतो, 'आपकी समस्या का समाधान हो गया?' सवयीनं 'हां जी' म्हणू नका, तक्रार तिथेच बंद होते.

गॅपचं शपथपत्र, म्हणजे मधल्या वर्षात काय केलं ते सांगणारा कागद, कोर्टाबाहेर नोटरीकडे होतं. छापील मजकूर तसाच घेऊ नका, त्यात फक्त 'घर पर था' असतं. या काळात कुठल्याही संस्थेत नियमित प्रवेश घेतला नाही आणि कुठलीही शिष्यवृत्ती घेतली नाही, ही दोन वाक्यं त्यात हवीतच.

आता जिथे गॅप खरोखर नडतो ते. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती, पदवीला वर्षाला 12,000 रुपयांची, बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर चालते. आपापल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे वरच्या 20 टक्के मुलांत) असावं लागतं, घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. सीबीएसईची सूचना दर वर्षी त्याच वर्षी बारावी झालेल्यांसाठी निघते. तिच्यामागे धावण्यात तुमचा वेळ जाईल असं मला वाटतं. त्यापेक्षा राज्याची मेधावी विद्यार्थी योजना बघा, बारावीला एमपी बोर्डाचे 70 टक्के किंवा सीबीएसईचे 85 टक्के असतील तर. तिथेही आदेशातली बारावीच्या वर्षाची ओळ आधी शोधा, टक्के नंतर.

ड्रॉपच्या वर्षानं होणारी एक भानगड कोणी सांगत नाही. कोचिंगसाठी बाहेर राहताना पोरं तिथे झीरो बॅलन्सचं खातं उघडतात आणि बँक आधार जोडून टाकते. सरकारी पैसा आधारवरून जातो, म्हणजे ज्या खात्याशी आधार सगळ्यात शेवटी जोडला गेला तिथे. फॉर्ममध्ये इंदूरचं खातं लिहा नाहीतर आणखी कुठलं. ओळखीच्या एका मुलाची शिष्यवृत्ती अशीच त्या जुन्या खात्यात पडून होती, पासबुक कोणी उघडलंच नव्हतं. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठे आहे, म्हणजे आधार आत्ता कुठल्या खात्याशी जोडलाय, ते आधी विचारा.

आणि आपल्या मराठी घरांचं नेहमीचं दुखणं, नाव. आधारवर मधे वडिलांचं नाव, मार्कशीटवर नाही, समग्रमध्ये आडनावाचं हिंदी स्पेलिंग भलतंच. ते आत्ताच एकसारखं करून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कियोस्कवर पाय ठेवायला जागा नसते.

या चर्चेत वर कोणीतरी शैक्षणिक कर्जाचं सुचवलंय. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर नॅक मान्यतेच्या संस्थेतल्या किंवा एनबीए मान्यतेच्या (या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष व्याज केंद्र भरतं, हे खरं. पण इथल्या बी.एस्सी.च्या फीसाठी कर्ज काढणं मला तरी पटत नाही. पुढे बाहेर एम.एस्सी.ला जाईल तेव्हा बघावं. हे माझं मत, तुमची परिस्थिती तुम्हाला ठाऊक.

तुम्ही मुलाचा प्रवर्ग आणि बारावीचं बोर्ड लिहिलेलं नाही. ते टाका, आणि पोर्टलवर आत्ता नेमकी काय स्थिती दिसतेय तेही. बाकी कॉलेजचं नाव इथे लिहू नका, अजून तीन वर्षं तिथेच काढायची आहेत.