पुरात भिजलेले जुने नकाशे थेट स्कॅन करायला द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की वाचनालयात पुराचं पाणी शिरलं, कापडावर चिकटवलेले जुने नकाशे भिजून आता वाळून कडक झालेत, तर सरळ प्लॅन-प्रिंटवाल्याकडे स्कॅनला देऊ का. मी पुण्यात हेच काम करते आणि हात जोडून सांगते, रोलरमधून ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये ते अजिबात घालू नका, कापड आणि कागद सारखे आकसत नाहीत, मधे फुगे धरतात आणि रोलरखाली तिथेच पहिलं फाटतं.

आधी आहेत तसे मोबाईलने फोटो काढा, मागच्या बाजूचेसुद्धा, शिक्के नि पेन्सिलीने लिहिलेले नंबर बरेचदा मागेच असतात. मग वाळलेला गाळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे. बुरशी दिसली तर मास्क लावून, आणि तो नकाशा बाकी पुस्तकांपासून लांब. पाणी लावायची घाई नको. प्रत्येक रंगावर डिस्टिल्ड वॉटरचा बारीक थेंब ठेवायचा, वर टीपकागदाचा तुकडा दाबायचा. माझ्याकडच्या एका नकाशावर काळ्या रेघा जागच्या हलल्या नाहीत पण पेठांच्या हद्दीची लाल शाई लगेच टीपकागदावर उमटली, मग तो कोरडाच साफ केला. फाटलंय तिथे जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, ती उद्या पाण्याने सोडवता येते. सेलोटेप, लॅमिनेशन नकोच नको, लॅमिनेट केलेला जुना नकाशा बघितला की खरंच पोटात तुटतं.

स्कॅन त्यानंतर. नकाशा सपाट ठेवून वरून कॅमेऱ्याने, ४०० डीपीआय (म्हणजे इंचाला ४०० ठिपके), टिफ फाईल (यात तपशील कमी होत नाहीत), शेजारी फूटपट्टी आणि रंगांचा चार्ट. फूटपट्टी अशासाठी की भिजून वाळलेला कागद दोन्ही दिशांना सारखा बदलत नाही, मग नकाशावरची स्केल खोटं सांगायला लागते. क्यूजीआयएसमध्ये (नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) स्कॅन आजच्या नकाशावर बसवताना नुसत्या चार कोपऱ्यांवर भागवू नका, पुण्याचा असेल तर शनिवारवाड्याचे बुरूज, पर्वतीचं देऊळ अशा जागच्या खुणा घ्या. मुठेचा काठ मात्र नको, तो बदललाय. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, वाडे पडले, त्याआधीचा काठ कसा होता ते बघायला असेच नकाशे लागतात, म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय.

आणि स्कॅन झाला म्हणून मूळ नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकू नका, ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये सपाट ठेवा, तळमजल्यावर तर नाहीच.